व्हेगासच्या शीटमधली नारिंगी ओळ

आमच्या अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या मराठी गोतावळ्यात सुट्ट्यांचा एक ठरलेला क्रम आहे. भारतातून आई-वडील आले की नायगारा, मुलं लहान असली की फ्लोरिडा, आणि धाकटं मूल आठ-नऊ वर्षांचं झालं की लास व्हेगास. व्हेगास म्हणजे जुगाराचं गाव, हे सगळ्यांना माहीत असतं. पण तिथून ग्रँड कॅन्यनला जाता येतं, हूवर धरण बघता येतं, आणि परत आल्यावर मराठी मंडळाच्या पॉटलक जेवणाला ‘छे छे, आम्ही मुलांसाठी गेलो होतो’ असं म्हणता येतं. आमचा धाकटा आठ वर्षांचा झाला तशी थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत नवऱ्यानं एप्रिलमधल्या स्प्रिंग ब्रेकची चार तिकिटं काढून टाकली.

नागपूरला आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर तिनं चष्मा पुसून पुन्हा घातला, जणू चष्म्यामुळेच तिला चुकीचं ऐकू आलं होतं.

“लहान पोरांना घेऊन जुगाराच्या गावात? तिथे बघायचं काय?”

“धरण आहे, आई.”

“धरण बघायला तिथवर? आपलं तोतलाडोह काय वाईट आहे?”

मी खूप हसले. तेव्हा मला हसू यायचं.

जानेवारीतल्या एका शनिवारी इंडियन ग्रोसरीच्या पार्किंग लॉटमध्ये, मागच्या सीटवर दुधी आणि कोथिंबीर ठेवून झाल्यावर, नवऱ्यानं गाडी सुरू केली आणि रिव्हर्स न टाकता तसाच बसून राहिला. काचेवर बर्फ भुरभुरत होता. तो म्हणाला, “मला आता हे जमत नाहीये. आपण वेगळं राहूया.” सोळा वर्षांचा संसार आणि वाक्यं दोन. भांडण नाही, आवाज चढवणं नाही. मी म्हणाले, “दूध राहिलं,” आणि गाडीतून उतरून पुन्हा दुकानात गेले. दुधाच्या फ्रीजसमोर किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. एका काकूंनी हात लावून विचारलं, “बरी आहेस ना गं?” मी म्हणाले, “टू पर्सेंट दूध मिळत नाहीये.” टू पर्सेंट समोरच होतं.

दुसरी कुणी नाही, असं त्यानं सांगितलं आणि मी त्यावर विश्वास ठेवला. दुसरी कुणी असती तर मला निदान तिच्यावर चिडता आलं असतं. मी चिडखोर आहे, हे आमच्या घरात, माझ्या ऑफिसात आणि बहुधा आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांनाही माहीत आहे. पण इथे चिडायला समोर होतं कोण? तर मान खाली घालून बसलेला, पंचेचाळिशीचा, केस पातळ झालेला एक माणूस, जो म्हणत होता की आपण दोघं कित्येक वर्षं फक्त कोण कुणाला कुठे सोडणार एवढंच बोलतोय. ते खरं होतं, आणि म्हणूनच मला ते ऐकवत नव्हतं.

त्याला सांता क्लाराला नोकरी मिळाली होती. जूनमध्ये जायचं होतं. तो बेसमेंटमध्ये झोपायला लागला. मुलांना कारण सांगितलं, बाबाचे पहाटे पुण्याच्या टीमबरोबर कॉल असतात. थोरली तेरा वर्षांची, ती मान डोलावून फोनमध्ये बघत राहिली. धाकट्यानं विचारलं, “कॅन आय स्लीप देअर टू?”

मुलांना सांगायचं कसं, यावर मात्र आमचं जोरदार वाजलं. मी म्हणत होते, बाबा नोकरीसाठी कॅलिफोर्नियाला जातोय एवढं पुरे. बाकीचं पुढे बघू. तो म्हणत होता, खोटं नको. ज्या समुपदेशक बाईंकडे आम्ही दोनदा गेलो त्याही त्याच्याच बाजूच्या निघाल्या. दोघांनी मिळून सांगा, निवांत जागी सांगा, सांगून झाल्यावर लगेच शाळा-ऑफिस नको, चार दिवस एकत्र असा म्हणजे मुलांना प्रश्न विचारता येतील. असे एकत्र चार दिवस आमच्याकडे फक्त व्हेगासलाच होते. “मग तिथेच सांगू,” तो म्हणाला. मी लगेच हो म्हटलं. त्याला आश्चर्य वाटलं. त्याला काय माहीत, एप्रिल अजून लांब होता म्हणून मी हो म्हटलं होतं.

आणि त्याच संध्याकाळी माझ्या डोक्यात ते भरलं, जे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. मी अशी ट्रिप आखीन, इतकी चांगली, इतकी बिनचूक, की तिसऱ्या दिवशी हा माणूस माझ्याकडे बघून म्हणेल, राहू दे, नको सांगूया. दुसरा काही उपाय माझ्याकडे नव्हता. रडणं मला जमत नाही, विनवण्या करणं त्याहून नाही. प्लॅनिंग जमतं.

अठरा वर्षं मी गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करते आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्या तारीखवार लिहून काढायच्या, हा माझा धंदा. त्यामुळे आमच्या घरात वाढदिवसापासून गणपतीपर्यंत कशाचंही शीट होतं. व्हेगासचंही झालं. प्रत्येक दिवसाचा वेगळा टॅब, दर तासाची एक ओळ, आणि पुढे रकाने: कुठे, कसं जायचं, जेवण, लागणारे कपडे. शिवाय एक खास रकाना: ‘कसिनोतून जावं लागतं का?’ कारण तिथली गंमत अशी की बहुतेक हॉटेलांत लिफ्टपर्यंत पोचायलासुद्धा जुगाराचा अख्खा हॉल ओलांडावा लागतो. एकवीस वर्षांखालच्या मुलांना तिथून चालत जायला परवानगी असते, पण थांबता येत नाही. धाकट्याच्या बुटाची लेस नेमकी तिथेच सुटणार, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. मी तीन आठवडे शोधून कसिनो नसलेलं हॉटेल काढलं.

मंडळातली एक मैत्रीण आधी जाऊन आलेली. तिचं म्हणणं, “अगं, एवढं टेन्शन काय घेतेस! मुलं गालिचा बघत चालतात. फक्त फुटपाथवर ते बायकांचे फोटो असलेली कार्डं वाटणारे असतात ना, तिथे ‘वर बघा, वर बघा, केवढं लायटिंग’ म्हणायचं. आमचा तर चार दिवस वरच बघत होता, मान दुखली त्याची.” मग तिनं विचारलं, “तुम्ही दोघं मात्र एक संध्याकाळ जाऊन या हां रोमँटिक डिनरला. मुलगी तेरा वर्षांची आहे, बघेल भावाला.” मी म्हणाले, “हो, बघू ना.” आणि घरी येऊन खरंच शीटमध्ये दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळी तशी ओळ टाकली. पाच मिनिटांनी काढली. लाज वाटली स्वतःची.

मी निवडत होते ते सगळं चौघांनी एकत्र करायचं असंच होतं. मॉलच्या आत कालवा आहे, त्यातली होडी: चौघं समोरासमोर. ते मोठं चक्र: एक डबा, अर्धा तास, उतरता येत नाही. हॉटेलला खोली एकच, दोन मोठ्या पलंगांची. त्या खोलीच्या ओळीपुढे नवऱ्यानं लिहिलं, “एकच खोली?” मी उत्तर लिहिलं, “स्प्रिंग ब्रेक आहे. दोन मिळत नाहीयेत.” दोन मिळत होत्या. मी फोन करून विचारलंही होतं.

आमची ही लिहालिही मराठीत चालायची. बाकी सगळं शीट इंग्रजीत, आणि आम्हा दोघांचं तेवढं मराठीत, कारण शीट चौघांसाठी उघडं होतं. मुलांनाही हवं ते टाकू दे, त्यांनाही ट्रिप आपली वाटू दे, ही माझीच कल्पना. धाकट्यानं पहिल्याच दिवशी ‘डॅम’ हा शब्द अकरा वेळा टाकला. आणि ती मुख्य ओळ, ती मी टाकली. तिसरा दिवस, दुपारी चार. नारिंगी रंग. “मुलांना सांगणे. दोघांनी मिळून. बाहेर, मोकळ्या जागी.” मुलं वाचतील ही भीती मला अजिबात नव्हती. धाकट्याला देवनागरीची अक्षरओळखही नाही. आणि थोरली! तिला मी चार वर्षं रविवारच्या मराठी शाळेत नेलं. भाड्यानं घेतलेल्या वर्गात मी स्वतः लहानांना शिकवायचे, आणि माझीच मुलगी पहिल्या बाकावर बसून ‘कमळ’च्या पुढे सरकायची नाही. उभं करून वाचायला सांगितलं की गप्प. शेवटी पाचवीत असताना एका रविवारी ‘आय कान्ट रीड दिस’ म्हणत तिनं पुस्तक बाकावर आपटलं आणि पार्किंगमध्ये जाऊन गाडीला टेकून उभी राहिली. इतर आयांसमोर माझं नाक कापलं गेलं. मी तिला शाळेतून काढलं आणि पुढे दोन वर्षं येता-जाता टोमणे मारले. तिला मराठी वाचता येत नाही, ही आमच्या घरातली पक्की गोष्ट होती.

फेब्रुवारीत एकदा शीट उघडलं तर नारिंगी ओळ तिसऱ्या दिवसावरून चौथ्यावर गेलेली. तिच्या जागी शार्कचं मत्स्यालय. मी खुर्चीत सरळ बसले. मी ओळ हलवली नव्हती. म्हणजे त्यानं हलवली. म्हणजे त्याला घाई नाही. मी काहीच लिहिलं नाही, विचारलं नाही. आपण बोलून दाखवलं तर ते मोडेल, अशी भीती वाटली.

पुढच्या आठवड्यात चौथ्या दिवशीही दुपारी रोलर कोस्टर आलं, आणि ओळ संध्याकाळवर गेली. मग संध्याकाळी रंगीत कारंजी बघायची ठरली, तीही दोनदा, वेगवेगळ्या गाण्यांवर. ओळ पाचव्या दिवशी सकाळी गेली. मग तिथे नाश्त्यासाठी पॅनकेकची कुठलीशी जागा आली, आणि ओळ विमानतळावर, गेटजवळच्या वेळेत जाऊन पडली.

मी देव पाण्यात घालून बसले होते, आणि प्रत्येक सरकलेल्या ओळीला मला वाटायचं, पाझर फुटला. ऑफिसात मीटिंग चालू असताना मी दुसऱ्या खिडकीत शीट उघडून ती ओळ कुठे आहे ते बघायचे. केस कापून आले. त्याला आवडायचा तसा, कॉलेजातल्यासारखा मध्ये भांग पाडला, त्रेचाळिसाव्या वर्षी. तो जेवताना म्हणाला, “बरे दिसतायत केस,” आणि त्या तीन शब्दांवर मी चार दिवस काढले. त्याला विचारायचं धाडस मात्र झालं नाही. आणि मला आज ज्याचा सगळ्यात जास्त राग येतो ते हे, की कुणी काय बदललं ते शीटच्या हिस्टरीत लिहिलेलं असतं. एक क्लिक, नाव, तारीख, वेळ. ऑफिसात माझ्या हाताखालच्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवते, आधी लॉग बघा. मी दोन महिने बघितला नाही. टेस्टरला जे तपासायचं नसतं ते तो तपासत नाही.

पाडवा त्या वर्षी आठवड्याच्या मध्ये आला होता, म्हणून श्रीखंड-पुरी आम्ही पुढच्या रविवारी केली. ट्रिपला तीन आठवडे राहिले होते. सकाळी, रात्रभर टांगलेला चक्का साखर घालून फेटला आणि सवयीनं शीट उघडलं. नारिंगी ओळ नव्हती. विमानतळावर नव्हती, कुठल्याच दिवशी नव्हती. पाचही टॅब वरपासून खालपर्यंत बघितले. शब्द टाकून शोधलं. नाही.

मला इतका आनंद झाला की मी सिंकला धरून उभी राहिले. मग पुऱ्या तळल्या. टम्म फुगलेल्या चार पुऱ्या आणि वाटीत श्रीखंड घेऊन, दुपारी बाराच्या सुमाराला, मी बेसमेंटच्या पायऱ्या उतरले. जानेवारीपासून मी तिथे फक्त कपडे धुवायला गेले होते. तो सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसला होता; पांघरुणाची नीट घडी करून उशी वर ठेवलेली. मी ताट स्टुलावर ठेवलं.

“थँक्यू,” मी म्हणाले.

“कशाबद्दल?”

“ती ओळ काढलीस ना तू.”

त्यानं लॅपटॉप बाजूला ठेवला. मग त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लगेच ओळखलं. ती दया होती.

“मी नाही काढली,” तो हळू म्हणाला. “मला वाटलं तू काढलीस. आधीपासून तूच सरकवतेयस असं मला वाटत होतं. मी म्हटलं तुला वेळ हवाय, म्हणून बोललो नाही. पण आज तुला सांगणारच होतो. असं करून चालणार नाही. आपल्याला सांगावं लागेल.”

“तू एकदाही हलवली नाहीस?”

“नाही.”

“एकदाही?”

“नाही गं.”

मी त्याच्या शेजारी बसले. त्यानं लॅपटॉप माझ्याकडे सरकवला आणि मी हिस्टरी उघडली. जांभळा रंग थोरलीचा. नारिंगी ओळीला लागलेला प्रत्येक बदल जांभळा होता. शार्क तिचे, रोलर कोस्टर तिचं, दोन वेळची कारंजी, पॅनकेक. वेळा सगळ्या दुपारी तीन ते चारमधल्या. शाळा सुटल्यावर बसमधून केलेले बदल. पहिला बदल मी ओळ टाकली त्याच्या दुसऱ्याच दिवशीचा. तिनं फक्त त्या ओळीवर क्लिक केलं होतं, काही अक्षरं पुसली होती आणि परत जशीच्या तशी लिहिली होती. मराठीत. एक वेलांटीही चुकली नव्हती.

नवरा म्हणाला, “तिला वाचता येतं?”

मी लॅपटॉप मिटला. दोन महिने माझी सगळी आशा ज्याच्यावर उभी होती ते माझ्या मुलीनं बसमध्ये बसून केलं होतं. मला त्या क्षणी आधी तिचा विचार आला असं मला इथे लिहायला आवडलं असतं. आला नाही. आधी विचार आला की त्यानं काहीच केलं नव्हतं. त्याला आमची ट्रिप कशीही चालणार होती. तिचा विचार त्यानंतर, जिना चढताना आला, आणि मग मी धावत गेले.

ती पलंगावर पालथी पडून काहीतरी लिहीत होती. मी दार लावून घेतलं. तिनं माझा चेहरा बघितला आणि वही मिटली.

“तुला मराठी वाचता येतं,” मी म्हणाले.

“स्लोली.”

“मग शाळेत का नाही वाचलंस कधी?”

“सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचं होतं ना. अँड यू वेअर द टीचर, आई.” ती उठून बसली. “यू मेक अ फेस. जेव्हा कोणी चुकतं.”

हे खरं आहे, मी तसा चेहरा करते. त्याही वेळी केला असेल. मी तिच्या समोर जमिनीवर बसले.

“कधी कळलं तुला?”

“‘सांगणे’ मला लगेच नाही कळलं. मग मी तुमचे बाकीचे कॉमेंट्स वाचले. ‘वेगळं राहणं’ असं बाबानं लिहिलं होतं एका ठिकाणी. तू ते डिलीट केलंस, पण हिस्टरीत होतं.” आणि मग, मला लाज वाटू नये म्हणून की काय, ती म्हणाली, “यू टोल्ड मी दॅट वन्स. ऑल्वेज चेक द लॉग.”

“तू ओळ का हलवत होतीस?”

तिनं उशीचं टोक पिळलं. ती रडत नव्हती. तिच्यात हे माझंच आलंय.

“इफ देअर इज नो टाइम, यू कान्ट टेल अस. मी सगळे स्लॉट्स भरले. मला वाटलं तुम्ही नाही सांगितलं तर... देन इट्स नॉट रिअल. आणि ट्रिप खूप मस्त झाली तर बाबा विल चेंज हिज माइंड. लोकांचं होतं तसं. होतं ना?”

माझ्या मनातली गोष्ट, जी मी कुणाला सांगितली नव्हती, ती माझी मुलगी मला विचारत होती, आणि ती ऐकायला इतकी वेडगळ वाटत होती की मला तिला जवळ घ्यावं की स्वतःच्या थोबाडीत मारावी ते कळेना. मी त्रेचाळीस वर्षांची. ती तेरा. दोघी एकाच शीटमध्ये, एकमेकींच्या नकळत, एकाच माणसाला अडवून धरत होतो.

हो म्हणायला फार सोपं होतं. तीन आठवडे अजून मिळाले असते.

“नाही,” मी म्हणाले. “बाबा जाणार आहे. जूनमध्ये. आम्ही दोघं एकत्र राहणार नाही. ट्रिप कितीही मस्त झाली तरी.”

तोपर्यंत हे मी कुणालाच म्हटलं नव्हतं. समुपदेशक बाईंसमोर नाही, आईजवळ नाही, आंघोळ करताना एकटीला नाही. शब्द तोंडातून निघाले आणि मला कळलं की ते माझ्यासाठीही खरं आहे. मी रडायला लागले. मला रडणं जमत नाही असं मी वर लिहिलंय. त्या दिवशी जमलं, फार वाईट तऱ्हेनं, नाक गळत, हुंदके देत. तिनं मला टिश्यूचा डबा दिला. मग ती माझ्या शेजारी जमिनीवर येऊन बसली आणि म्हणाली, “त्याला आत्ता नका सांगू.”

“कुणाला?”

“ही इज सो एक्सायटेड, आई. डॅम अँड ऑल. आफ्टर व्हेगास सांगा. आय कॅन प्रिटेंड. मी दोन महिने केलं ना. आय ॲम गुड ॲट इट.”

ते ऐकलं आणि माझं रडणं थांबलं. खरंच चांगलं करत होती ती. दोन महिने रोज जेवायला बसत होती, डबा मागत होती, भावाशी भांडत होती, आणि मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. पाच दिवस तिनं होडीत आणि त्या चक्राच्या डब्यात आमच्या समोर बसून हसायचं, मी हसायचं, नवऱ्यानं फोटो काढायचे, आणि मधे तो आठ वर्षांचा पोर धरणाची भिंत किती उंच ते सांगत राहणार. ही ट्रिप मीच आखली होती.

“नाही,” मी म्हणाले. “आज सांगायचं. आत्ता. आम्ही सांगू, तू काही बोलायचं नाहीस. तुझं काम नाही ते.”

“प्लीज, आई.”

“नाही.”

मी नवऱ्याला वर बोलावलं. तो आला तेव्हा त्याच्या हातात ते ताट होतं, पुऱ्या तशाच, बसलेल्या. आम्ही डायनिंग टेबलाशी बसलो. धाकटा ड्राइव्हवेवरून बास्केटबॉल घेऊनच आत आला, घामेजलेला, आणि चौघं असं दुपारी एकत्र बसलेलं बघून त्याला वाटलं ट्रिपचंच काहीतरी ठरतंय. “आपण धरणाच्या आत पण जाणार आहोत का? इनसाइड इनसाइड?” त्यानं विचारलं.

“जाणार आहोत,” नवरा म्हणाला. “ट्रिपला आपण चौघं जाणारच आहोत. पण आधी आई-बाबांना तुला एक सांगायचंय.”

मग त्यानं सांगितलं. मी सांगितलं. ठरल्याप्रमाणे आळीपाळीनं, सोप्या शब्दांत, थोडं मराठीत आणि बरंचसं इंग्रजीत. तुझी काही चूक नाही हे दोनदा. बाबा तुझाच बाबा आहे हे तीनदा. नवऱ्याचा आवाज मध्येच बसला तेव्हा मी पुढचं वाक्य उचललं, आणि मला वाटून गेलं की एकत्र मिळून काही नीट केलं असं कित्येक वर्षांत पहिल्यांदाच होतंय. श्रीखंडाच्या वाटीला पाणी सुटलं होतं. थोरली टेबलाच्या कडेवरचा एक ओरखडा नखानं कोरत बसली होती.

धाकट्यानं सगळं ऐकून घेतलं. बास्केटबॉल मांडीवर दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, बाबाकडे बघितलं नाही. त्यानं ताईकडे बघितलं. आठ वर्षांत त्याला जे जे कळलं ते आधी तिला कळलेलं असायचं, आणि तिनं त्याला ते आधीच सांगितलेलं असायचं. वाढदिवसाला काय मिळणार, डॉक्टर टोचणार की नाही, सगळं.

“डिड यू नो?” त्यानं विचारलं.

तिनं ओरखड्यावरचं बोट थांबवलं. मान वर केली आणि त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली, “नो.”

चेहऱ्यावरची एक रेषाही हलली नाही तिच्या. तो तिच्या कुशीत शिरून रडायला लागला, कारण तिलाही त्याच्यासारखंच आत्ता कळलं होतं. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मी तिला खोटं पाडलं नाही.